एर्टिगाचे टायर बदलायचेत : १८५ च ठेवू की १९५ घालू?

ओसरी
नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची पेट्रोल एर्टिगा, ५८ हजार किलोमीटर झालेत. टायर कंपनीतून आले तेच, १८५/६५ आर १५. नक्षी अजून बरी दिसते, पण गेल्या महिन्यात कात्रज बोगद्याच्या अलीकडे पावसात ब्रेक मारला आणि गाडी जिथे थांबायला हवी होती त्याच्या पुढे थांबली. पुढच्या टेम्पोच्या मागे लिहिलेलं 'अंतर ठेवा' मला फार जवळून वाचायला मिळालं. बायको काही बोलली नाही. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

गाव राजापूरजवळ. वर्षातून चार-पाच खेपा. कराड-मलकापूरवरून अणुस्कुऱ्याने उतरतो. शेवटचे तीन किलोमीटर जांभ्याच्या कातळावरचा रस्ता. आम्ही सात जण, वर आंब्याच्या नाहीतर तांदळाच्या गोण्या, त्यामुळे गाडी खालून घासते. टायरवाला म्हणतो, 'साहेब, १९५/६५ टाका, गाडी उचलली जाईल, त्याच डिस्कवर, म्हणजे रिमवर, बसतात.' मेव्हणा म्हणतो १६ इंची अलॉय (मिश्रधातूच्या डिस्क) घाल, गाडी उठून दिसेल. वडील म्हणतात, कंपनीने अक्कल गहाण टाकून साइज दिला होता का?

तर तीन प्रश्न. १९५ घालावेत का? अलॉयचा विचार करावा का? आणि नक्षी शिल्लक असताना टायर फेकणं जिवावर येतंय, ते बरोबर आहे का?

स्टेपनी
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. टायरच्या कडेला डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. काय दिसतंय ते इथे लिहा. मग पुढे बोलू.

ओसरी
आत्ता टॉर्च घेऊन गाडीखाली जाऊन आलो (चारपैकी दोन टायरांवर तो आकडा आतल्या बाजूला आहे, हे कोणी आधी सांगितलं असतं तर लुंगी बदलून गेलो असतो). ३११७.

स्टेपनी
म्हणजे २०१७ सालचा ३१ वा आठवडा, जुलै-ऑगस्ट. आठ वर्षं झाली. नक्षी असू दे नाहीतर नसू दे, रबर कडक झालंय. नखाने दाबून बघा, आणि नक्षीच्या चिरांमध्ये बारीक भेगा आहेत का तेही बघा. पावसात गाडी पुढे सरकली त्याचं कारण तेच असणार. कायद्याने नक्षी १.६ मिमीपर्यंत चालते, चिरांच्या तळाशी तेवढ्या उंचीचे उंचवटे असतात, कडेला टीडब्ल्यूआय असं लिहून ते कुठे आहेत ते दाखवलेलं असतं. पण तो आकडा झिजेचा झाला, वयाचा नाही. मी स्वतः सहा वर्षांपुढे जात नाही. जिवावर यायला हवं ते टायर ठेवणं, फेकणं नव्हे.

शंकासुर
लुंगीचा फोटो कुठाय?

गावठी_जुगाड
माझीही एर्टिगा, २०१६ ची. तीन वर्षांपूर्वी १९५/६५ घातले. एकदम मस्त. गाडी रस्त्याला धरून चालते, वळणावर झुकत नाही, खड्डा कमी जाणवतो. कुंभार्ली घाट महिन्यातून दोनदा चढतो-उतरतो. ॲव्हरेज सोळाचं साडेपंधराच्या आसपास आलं, नेमकं सांगायचं तर १५.४. एवढं चालतं. बिनधास्त टाका, घाबरवणारे खूप भेटतील.

पायथागोरस_काकू
गावठी, तुमच्या त्या सोळा आणि १५.४ वरून सुरुवात करते, कारण ते गणित मजेशीर आहे.

१८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, कडेची उंची त्याच्या ६५ टक्के म्हणजे १२०.२५, आणि डिस्क १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. वरची कड, खालची कड आणि डिस्क मिळून चाकाचा व्यास झाला ६२१.५. आता १९५/६५ चा काढा. कडेची उंची १२६.७५, व्यास ६३४.५. तेरा मिलिमीटर जास्त, म्हणजे दोन टक्क्यांच्या किंचित वर.

चाक मोठं झालं की तेवढंच अंतर कापायला ते कमी फेऱ्या मारतं, आणि गाडीचा मीटर फेऱ्या मोजतो. १०० किलोमीटर गेलात की तो ९८ च्या आसपास दाखवणार. मग मीटरवरचे किलोमीटर भागिले लिटर केलं की सोळाचे आपोआप १५.७ होतात. तुमचं ॲव्हरेज ०.६ ने पडलं त्यातला निम्मा भाग निव्वळ कागदावरचा आहे. उरलेला निम्मा खरा. रुंद, जड टायर ओढायला इंजिनाला जोर लागतो.

स्पीडचा काटाही तसाच कमी दाखवतो. मात्र कंपन्या काटा मुळात थोडा फुगवून ठेवतात, त्यामुळे दोन टक्क्यांत दंड होईल असं नाही.

आता ओसरींचा मुद्दा, गाडी उचलली जाणार. व्यास १३ ने वाढला तरी गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी. साडेसहा मिलिमीटर. दोन रुपयांची चार-पाच नाणी एकावर एक ठेवा, तेवढी.

मुकुंदा_३
काकू, माझ्या शाळेत गणिताला तुम्ही असता तर मी इथे टाइमपास करत बसलो नसतो.

पायथागोरस_काकू
मी शाळेतच होते बाळा. मुलं तिथेही टाइमपासच करायची.

गावठी_जुगाड
काकू, गणित मान्य. पण मी गाडीत बसतो, गणितात नाही. चाक मोठं, कड उंच, म्हणून खड्डा मऊ लागतो हे तर खरं ना? आणि वजन पेलण्याची ताकदही १९५ ला जास्त. माझ्या टायरवर ९१ आहे, जुन्यावर ८८ होतं.

स्टेपनी
ते खरं आहे. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५. सात माणसं घेऊन फिरणाऱ्याने हा आकडा बघायलाच हवा, आणि तो ८८ च्या खाली कधीही जाऊ देऊ नये. स्वस्त पडतोय म्हणून कोणी ८४ चा टायर गळ्यात मारला तर तो ५०० किलोचाच. त्याच्यापुढचं अक्षर वेगाचं. टी १९०, एच २१०, व्ही २४० किलोमीटर ताशी. आपल्याला कुठे २१० ने जायचंय हे खरं, पण मूळ टायरवर एच असेल तर एचच घ्या. ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो त्याच्याशी बांधलेलं असतं, आणि समृद्धीवर मे महिन्यात दुपारी १२० ने सलग दोन तास पळालात की उष्णता म्हणजे काय ते कळतं.

१९५ ला माझा एकच आक्षेप, स्टेपनी. (आयडीमुळे नव्हे.) चार टायर १९५ चे आणि डिकीखाली स्टेपनी १८५ ची. अणुस्कुऱ्यात पंक्चर झालं आणि ती पुढे लावली की डावं-उजवं चाक वेगळ्या व्यासाचं. पुढची चाकं ओढणारी गाडी, डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) सरळ रस्त्यावरही सतत फरक सांभाळत बसावं लागतं. पाच-दहा किलोमीटर हळू चालवून पंक्चरवाल्यापर्यंत ठीक. पुण्यापर्यंत नको. म्हणजे घ्यायचे तर पाच घ्या.

भांडुपकर
वरचं सगळं वाचलं. एक अवांतर. वडील सिएटच्या भांडुपच्या कारखान्यात होते. लहानपणी मला वाटायचं सिएट हा मराठी शब्द आहे, कारण आमच्याकडे सगळे 'शेट' च्या चालीवर 'सियेट' म्हणायचे. मोठेपणी कळलं की कंपनी मूळची इटलीतल्या तुरिनची, १९२४ ची, आणि नावाचा अर्थ 'तुरिनच्या विजेच्या केबली आणि तत्सम वस्तू' असा काहीतरी. म्हणजे ज्या नावाने आमचं घर चाललं त्यात टायर हा शब्दच नाही, टायर 'तत्सम' मध्ये आले. भांडुपला १९५८ ला आली.

वडिलांची एक सवय मात्र मी उचलली. दुकानात टायर घेताना ते वास घ्यायचे. मी वास घेत नाही, तारीख वाचतो. चारही टायरांची. मागच्या वेळी तीन नवे निघाले आणि चौथा दीड वर्ष जुना. दुकानदार म्हणे, 'काका, ब्रँड तोच आहे.' म्हटलं, वडापावही तोच असतो, पण कालचा खाशील का?

शंकासुर
नावात टायर नाही म्हणता, एमआरएफचं बघा. मद्रास रबर फॅक्टरी, सुरुवात १९४६ ला खेळण्यातल्या फुग्यांपासून. हल्ली टायरला फुगा आला की आपण रडतो.

मुकुंदा_३
आणि मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने १९०० साली लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात म्हणून पुस्तिका काढली, ती आज हॉटेलांना तारे वाटते. टायर झिजवायला लोकांना जेवायला पाठवणारी माणसं. तिथे मिसळीला किती तारे मिळतील?

मुक्काम_श्टुटगार्ट
इथे जर्मनीत हा धागाच निघाला नसता. गाडीच्या कागदपत्रांत कोणते साइज चालतात ते लिहिलेलं असतं, त्याबाहेरचा घातलात तर तपासणी करून नोंद करून घ्यायची, नाहीतर गाडी रस्त्यावर चालवायला अपात्र. आणि हिवाळी टायर वेगळे. लोक 'ओ ते ओ' म्हणतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. कायद्यात महिने दिलेले नाहीत, बर्फ-चिखल असला की हिवाळी टायर हवेत एवढंच. टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह लागतं, नुसतं एम अधिक एस (मड-स्नो, चिखल-बर्फ) असलेले ऑक्टोबर २०२४ पासून धरत नाहीत.

उन्हाळ्यात हिवाळी टायर ठेवायचे कुठे? माझ्या फ्लॅटला तळघर नाही. म्हणून 'टायर हॉटेल' मध्ये. खरंच तसंच म्हणतात, राइफनहोटेल. सहा महिन्यांचं भाडं भरतो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, आम्ही आलो की आम्हाला मात्र हॉलमध्ये गादी घालतोस.

निळावंती
=))

निळावंती
धाग्यावर परत येते, म्हणजे माझ्या प्रश्नावर. माझ्या वॅगनआरला आत्ता दोनच टायर घ्यायचेत, चारचे पैसे नाहीत. नवे पुढे घालायचे ना? इंजिन पुढे, स्टेअरिंग पुढे, पुढचेच झिजतात.

गावठी_जुगाड
हो, पुढे. विचारायचं काय त्यात.

स्टेपनी
मागे.

गावठी_जुगाड
??

स्टेपनी
सांगतो, शिव्या नंतर घाला. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळायची तशी वळत नाही, सरळ जाते. घाबरायला होतं, पण पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला जातो आणि गाडी सावरते. मागची चाकं घसरली तर गाडीचं बूड बाहेर जातं आणि ती भोवऱ्यासारखी फिरते. ते सावरणं आपल्यासारख्यांचं काम नाही. म्हणून चांगली पकड मागे. मागचे चाललेले दोन बरे असतील तर ते पुढे घ्या. टायर कंपन्याही हेच सांगतात, पुढून ओढणाऱ्या गाडीलाही.

गावठी_जुगाड
माझ्या टायरवाल्याने वीस वर्षांत कधी मागे घातले नाहीत.

स्टेपनी
त्याने वीस वर्षांत कधी तुमच्या गाडीत मागे बसून पावसात घाट उतरलाय का?

गावठी_जुगाड
तसा विषय नाही. अनुभव नावाची गोष्ट असते. पुढचा टायर फुटला तर स्टेअरिंग हातातून जातं त्याचं काय? पुढे जुने ठेवायचे आणि देवाचं नाव घ्यायचं?

स्टेपनी
जुने म्हणजे फुटायला आलेले असं मी म्हटलेलं नाही. फुटायला आलेला टायर पुढेही नको आणि मागेही नको.

निळावंती
तुमचं भांडण होईपर्यंत मी पैसे साठवते आणि चारच घेते.

आजोबा_नं_१
आमची प्रीमियर पद्मिनी होती. टायर ५.२० - १४, आत ट्यूब. पुणे-रत्नागिरी प्रवासात दोन पंक्चर धरूनच निघायचो. सौ. डबा भरायची तेव्हा मी सोल्युशन, पॅच, कानस आणि पाना भरायचो. टायर झिजला की रिमोल्ड करून, म्हणजे वर नवा रबराचा थर चढवून, आणायचा, तो थर सुटला की सालासारखा निघायचा. पर्यायी साइज वगैरे काही नसे. जो मिळेल तो साइज. तुम्ही लोक सुखी आहात आणि तरी धागा काढताय.

मृद्गंध
आजोबा +१.

१६ इंची अलॉयबद्दल कोणी बोललंच नाही. मी घातलेत, दुसऱ्या गाडीला, आणि पस्तावलोय. एर्टिगाला लोक १९५/५५ आर १६ बसवतात. काकूंच्या पद्धतीने मांडलं तर व्यास ६२०.९, मूळच्याशी जवळजवळ तंतोतंत, त्यामुळे मीटर बरोबर चालतो. पण कड १२० वरून १०७ वर येते. डिस्क मोठी झाली ती रबर खाऊन. तेरा मिमी गादी गेली. माझ्या गाडीला पहिल्याच पावसाळ्यात सिंहगड रोडला पाण्याखालचा खड्डा लागला, कडेला टेंगूळ आलं आणि अलॉयची कड वाकली. कडेला टेंगूळ आलं की टायर बाद, त्याला पंक्चर नाही, पॅच नाही. अलॉयवाला सरळ करून देतो म्हणाला. दिला. आता ९० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. दुकानाचं नाव विचारू नका, भांडून झालंय. जांभ्याच्या रस्त्यावर तर चुकूनही नको. पत्र्याची डिस्क वाकली तर गावात हातोड्याने सरळ करणारा सापडतो.

मेव्हण्याला सांगा, गाडी उठून दिसेल, रस्त्याच्या कडेला उभी असताना.

कलमबहाद्दर
विम्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर आहे. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेला साइज असेल तर कोणी हरकत घेत नाही. कंपनीच्या यादीतच नसलेला साइज असेल तर अपघातानंतर सर्व्हेअरला बोट ठेवायला जागा मिळते. ठेवेलच असं नाही. पण त्या दिवशी तुम्हाला वाद घालायची ताकद नसते. घालायचाच असेल तर विमा कंपनीला आधी ईमेल करून उत्तर जपून ठेवा.

गावठी_जुगाड
तीन वर्षांत मला कोणी विचारलेलं नाही.

कलमबहाद्दर
तीन वर्षांत तुम्ही कुठे धडकलेलाही नाहीत. तसंच राहो.

शंकासुर
नायट्रोजन भरावा का?

भांडुपकर
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट मिळतो. उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी चाकामागे पैसे द्यायचे असतील तर द्या. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, दाराच्या कडेवरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा. पंपावरचा पोरगा 'पस्तीस मारू का' विचारतो तो स्टिकर वाचून नाही. आणि भरलेल्या गाडीचा आकडा तिथे वेगळा दिलेला असतो, तोही वाचा.

पायथागोरस_काकू
किमतीबद्दल. सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ झालाय. ऑगस्टमध्ये साडेपाच हजारांचा कोट असेल तर तोच टायर आता ५,०७० च्या आसपास हवा. चाराचे सतराशे वाचतात. 'जुना माल आहे, जुनाच भाव' असं कोणी म्हणालं तर तारीख वाचायची आणि दुसऱ्या दुकानात जायचं.

ओसरी
धागा वर आणतोय. तीन आठवडे गायब होतो, माफी.

काकूंचे साडेसहा मिलिमीटर डोक्यातून जाईनात. मग एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रयोग केला. मागच्या मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत उंची मोजली, मुलाची शाळेची पट्टी लावून. आधी रिकामी गाडी. मग घरचे सातही जण आत बसले, मागे दोन गोण्या तांदूळ. आईला वाटलं गावाला निघालो, ती पिशवी घेऊनच आली होती. गाडी किती बसली असेल? साडेपाच सेंटिमीटर. म्हणजे ५५ मिलिमीटर. आणि मी साडेसहा मिळवायला निघालो होतो.

गॅरेजवाल्याला दाखवलं, त्याने मागच्या स्प्रिंगा बघितल्या. म्हणाला, आठ वर्षं गोण्या वाहिल्यात, बसल्यात त्या. नव्या घातल्या. तोच प्रयोग परत केला तर भरलेली गाडी आधीपेक्षा १८ मिलिमीटर वर. (आई या वेळी पिशवी न घेता आली, आणि चिडून.)

टायर चार घेतले, १८५/६५ आर १५, ८८ एच. तारखा चारही वाचल्या, सगळे याच वर्षीचे, एकमेकांपासून पाच आठवड्यांच्या आत. दुकानदाराने जीएसटीवर थोडी कुरकुर केली, मग नीट बिल दिलं. अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घेतलं. दिवाळीत गावाला जाऊन आलो. अणुस्कुऱ्यात धुकं आणि अवकाळी पाऊस, ब्रेक मारला तिथे गाडी थांबली. बायको याही वेळी काही बोलली नाही, पण वेगळ्या प्रकारे.

कातळावर शेवटच्या चढाला तिघांना उतरवलं. गावठी, तुमच्या १९५ ने ते टळलं असतं असं वाटत नाही.

गावठी_जुगाड
टळलं नसतं, मान्य. माझ्याकडेही मेव्हणी उतरतेच. पण खड्डा मऊ लागतो यावर मी ठाम आहे.

मुकुंदा_३
मेव्हणा काय म्हणाला अलॉयचं?

ओसरी
उतरवलेल्या तिघांत तो होता.

स्टेपनी
छान केलंत. नव्या टायरवर पहिले काही शे किलोमीटर ब्रेक जपून मारा, वरचा चकचकीत थर जायला हवा. आणि आठ-दहा हजारांनी टायर फिरवून घ्या. एक राहिलं. पाचवं चाक? तेही ३११७ चंच असणार.

ओसरी
अरेच्चा. ते तर आठ वर्षांत खाली उतरवलेलंच नाही. बघून येतो.

शंकासुर
लुंगी बदलून जा.

ओसरी
३११७ च आहे. हवा अकरा होती.